भिंतीवरचा पाद्री

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरात जी झाडलोट होते, तिला आम्ही 'मोहीम' म्हणतो. त्या दिवशी माळ्यावरचे पितळेचे डबे खाली येतात, पलंग भिंतीपासून सुटतात आणि भिंतीवरच्या तसबिरी एकेक करून उतरतात. मग जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर दत्तगुरू, माझे सासरे, मामाच्या लग्नातला ग्रूप फोटो आणि पंढरीचा विठोबा असे सगळे ओळीने उताणे पडून आढ्याकडे बघत राहतात. गेली दोन वर्षे त्या ओळीत आणखी एक पाहुणा असतो: डोक्यावर केसांचा भला मोठा टोप घातलेला एक गोरा पाद्री.

"याला आता रजा द्या," ओले फडके पिळता पिळता हे म्हणाले. "घरात कोणी आले की आधी याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे. हा तुमचा कोण, म्हणून विचारतात. काय सांगू?"

आमच्या धाकटीने त्याचे नाव 'कापूसबुवा' ठेवले आहे. त्यात तिचा काही दोष नाही. गृहस्थाचे नावच मुळी कॉटन. कॉटन मॅदर. त्याच्या आईच्या वडिलांचे आडनाव कॉटन होते, ते नातवाला नाव म्हणून मिळाले. आणि नावाला शोभेसा तो टोप! पिंजाऱ्याने नुकताच पिंजून ठेवलेला कापूस दोन्ही खांद्यांवर उतरावा तसा. त्या कापसाच्या मधोमध एक गोल, गुळगुळीत, सुखवस्तू चेहरा. हनुवटीखाली गळपट्टीची दोन पांढरी टोके, अंगात काळा झगा, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू म्हणावे की न म्हणावे असे काहीतरी. चित्राभोवती लंबगोल चौकट आहे आणि खाली लॅटिन मजकूर. तो मला वाचता येत नाही, पण त्यातला एक शब्द आता ओळखीचा झाला आहे. त्या शब्दाचा अर्थ 'अलीकडेपर्यंत'. म्हणजे हे धर्मगुरू अलीकडेपर्यंत बोस्टनच्या चर्चचे प्रमुख होते. चित्र 1727 मध्ये समोर बसवून काढले आणि 1728 च्या फेब्रुवारीत पाद्रीबुवा वारले, तेव्हा छापील प्रत लोकांच्या हाती पडेपर्यंत त्या एका शब्दाची गरज लागली.

हे चित्र माझ्याकडे आले ते माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून. मुलगा वर्गात मागच्या बाकावर बसायचा, फारसे बोलायचा नाही. आता बोस्टनला नोकरी करतो. त्याच्या वाटेवर कॉप्स हिल नावाच्या टेकडीवर एक जुनी दफनभूमी आहे, तिथे या मॅदरचे थडगे आहे. ते नाव वाचून त्याला सातवीचा वर्ग आठवला, आणि त्याने या मूळ चित्राची हुबेहूब छापलेली नक्कल पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून मला पाठवली. सोबत चार ओळींची चिठ्ठी. तिच्यातली शेवटची ओळ अशी होती: "बाई, तुम्ही आम्हाला फाशीची गोष्ट सांगितली होती. देवीची सांगितली नव्हती."

शिक्षकाच्या धंद्यात पाठीमागून असे टोमणे मिळत असतात, पण हा जरा खोल गेला.

फाशीची गोष्ट मी दरवर्षी सांगते, हे खरे. अभ्यासक्रमात ती नाही. पण वर्गात कुणाची तरी कंपासपेटी नाहीशी होते, सगळा वर्ग एका सुरात एकाच मुलाचे नाव घेतो, आणि 'पाहिले कोणी?' असे विचारले की कोणीच पाहिलेले नसते. असा दिवस वर्षातून एकदा तरी येतोच. त्या दिवशी मी पुस्तक मिटते आणि सेलमची गोष्ट सांगते.

प्युरिटन म्हणजे इंग्लंडमधले असे लोक की ज्यांच्या मते तिथल्या चर्चची झाडलोट अजून पुरती झालेली नव्हती. त्यांचीही एक मोहीमच म्हणायची. त्यांतले बरेच जण समुद्र ओलांडून अमेरिकेच्या किनाऱ्यावर आले आणि आपल्या मनासारखी स्वच्छ वसाहत उभारू लागले. झाडलोट करणाऱ्याला एक खोड लागते, कोपऱ्याकोपऱ्यात कचरा दिसू लागतो. 1692 मध्ये त्या वसाहतीतल्या सेलम गावी काही मुली आचके देऊ लागल्या, किंचाळू लागल्या, आणि अमक्या बाईची आकृती रात्री येऊन आपल्याला चिमटे काढते असे सांगू लागल्या. आकृती! बाई स्वतः घरी झोपलेली, साक्षीदार शपथेवर सांगणार, तरी तिची छाया गावात हिंडत होती, असा पुरावा. त्या पुराव्यावर एकोणीस माणसे फासावर चढली, त्यांत चौदा बायका. आणि एका म्हाताऱ्याने आरोपाला उत्तर द्यायचे नाकारले, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचत रचत त्याचा प्राण घेतला.

आमचा कापूसबुवा तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. पंधराव्या वर्षी हार्वर्डची पदवी घेतलेला, बापाच्या शेजारी बोस्टनच्या चर्चमध्ये उभा राहून प्रवचने करणारा हुशार तरुण. लहानपणी तोतरा होता, त्यावर त्याने जिद्दीने मात केली होती. त्याचे वाईट हे की, तो मूर्ख नव्हता. नुसत्या छायेच्या पुराव्यावर विसंबू नका, असा सावधगिरीचा सल्ला धर्मगुरूंनी न्यायाधीशांना जून महिन्यात लेखी दिला, तो याच्याच हातचा. पण त्याच सल्ल्याच्या शेवटी, खटले मात्र त्वरेने आणि जोमाने चालवा, अशीही शिफारस होती. न्यायाधीशांनी शेवट तेवढा वाचला. पोरे उत्तरपत्रिकेत सोयीचा तेवढाच प्रश्न वाचतात, तसा.

त्या वर्षी 19 ऑगस्टला ज्या पाच जणांना फाशी दिले, त्यांत जॉर्ज बरोज हा एक पाद्रीच होता. शिडीवर उभा राहून त्याने ख्रिस्ताने शिकवलेली प्रार्थना एकही शब्द न चुकता म्हटली. सैतानाच्या माणसाला ती बिनचूक म्हणता येत नाही, असा त्या काळचा समज. गर्दी चुळबुळली. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. आता फाशी थांबते की काय, असे वाटू लागले. तेव्हा घोड्यावर बसलेल्या मॅदरने लोकांना सांगितले की, फसू नका, सैतान देवदूताचेही रूप घेतो. हे रॉबर्ट कॅलेफ नावाच्या बोस्टनच्या व्यापाऱ्याने पुढे छापून काढले. लोक शांत झाले, आणि उरलेल्या फाशी पार पडल्या.

मी गोष्ट इथे थांबवते. वर्गात सुई पडली तरी ऐकू येईल अशी शांतता असते. मग थोड्या वेळाने कंपासपेटी कुणाच्या तरी बाकाखाली सापडते.

कधी वेळ उरला तर सॅम्युएल स्यूअलचे शेपूट जोडते. हा त्या खटल्यांतल्या न्यायाधीशांपैकी एक. त्याला केसांच्या टोपांचा भारी तिटकारा. मॅदरने एकदा प्रवचनात टोपांची बाजू घेतली, तेव्हा स्यूअल मनातून फार दुखावला होता. हाच स्यूअल 14 जानेवारी 1697 ला भर चर्चमध्ये उठून उभा राहिला आणि त्याचा कबुलीजबाब, या खटल्यांतला दोष माझा आहे, मला त्याची लाज वाटते, असा, सगळ्या मंडळींसमोर वाचला गेला. मॅदर असा कधी उभा राहिला नाही. उलट 1693 मध्ये त्याने न्यायालयाची पाठराखण करणारे पुस्तक लिहिले.

तर इतकी वर्षे माझ्या लेखी कॉटन मॅदर हा एवढाच होता, घोड्यावर बसलेला. चिठ्ठी आल्यावर मी उरलेले वाचायला बसले.

1706 मध्ये चर्चमधल्या मंडळींनी आपल्या गुरूला एक भेट दिली. आपल्याकडे शाल-नारळ देतात, तसा त्यांनी एक माणूस दिला. आफ्रिकेतून आणलेला गुलाम. मॅदरने बायबलातल्या एका गुलामाचे नाव त्याला ठेवले, ओनेसिमस. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'उपयोगी'. एखाद्या बादलीला द्यावे असे नाव! पण तो उपयोगी पडला खरा. तुला देवी येऊन गेल्या आहेत का, असे मॅदरने त्याला विचारले तेव्हा त्याने 'हो' आणि 'नाही' अशी दोन्ही उत्तरे दिली. मग खुलासा केला. आपल्या मुलखात देवीच्या फोडातला स्राव निरोगी माणसाच्या त्वचेवर छेद देऊन त्यात घालतात. थोडासा ताप येतो, थोडे फोड येतात, आणि मग जन्मात देवी येत नाहीत. एवढे सांगून त्याने आपल्या दंडावरचा वण दाखवला.

दंडावरचा वण. छाया नव्हे, आकृती नव्हे. दिवसाउजेडी बोट लावून बघता येईल असा वण. मॅदरने बोस्टनमधल्या इतर आफ्रिकन माणसांनाही विचारले, त्यांनीही तेच सांगितले. 1716 च्या जुलैत त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या एका सभासदाला हे सगळे पत्राने कळवले. तो स्वतःही त्या संस्थेचा सभासद होता. पुन्हा साथ आली तर आपण हा उपाय वैद्यांपुढे मांडणार, असेही त्याने पत्रात लिहून ठेवले.

साथ आली 1721 मध्ये, एका जहाजातून. बोस्टन तेव्हा अकराएक हजार वस्तीचे गाव. मॅदरने सगळ्या वैद्यांना पत्र लिहिले. एकट्या झॅब्डिएल बॉइलस्टनने ते मनावर घेतले, आणि 26 जूनला स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला, घरच्या एका गुलामाला आणि त्या गुलामाच्या तान्ह्याहून जरासे मोठे असलेल्या पोराला टोचले. मग गाव पेटले. निरोग्याला जाणूनबुजून रोग लावणे हे पाप, शिवाय गुलामांच्या बडबडीवर शहाण्या माणसांनी विश्वास ठेवायचा काय, असा दुहेरी हल्ला. गावात वैद्यकाची खरीखुरी पदवी असलेला एकच डॉक्टर होता, तो सर्वांत पुढे. बेंजामिन फ्रँकलिनच्या थोरल्या भावाने नवे वर्तमानपत्र काढले, त्यातून रोज नाही तरी दर आठवड्याला पाद्रीबुवांची हजेरी. ('टीका' हा शब्द हिंदीत टोचण्याला आणि मराठीत टोचून बोलण्याला लावतात. बोस्टनच्या त्या वर्षात दोन्ही अर्थ अगदी शेजारी शेजारी नांदले!)

स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मात्र मॅदरचा पाय अडखळला. सॅम्युएल नावाचा त्याचा मुलगा हार्वर्डमध्ये शिकत होता, तिथे साथ पोचल्यामुळे घाबरून घरी आला आणि मला टोचा म्हणू लागला. बापाने रोजनिशीत आपली घालमेल लिहून ठेवली आहे. या माणसाला पंधरा मुले झाली, त्यांतली दोनच त्याच्या पश्चात उरली. आठ वर्षांपूर्वी, 1713 मध्ये, गोवराच्या साथीत बायको, घरातली मोलकरीण, नुकती जन्मलेली जुळी आणि दोन वर्षांची मुलगी अशी पाच माणसे दोन आठवड्यांत त्याच्या घरातून गेली होती. टोचून घेताना हा मुलगा गेला असता तर गावाने म्हटले असते, बघा, देवाने शिक्षा केली. आणि न टोचता गेला असता तर? मुलाला गुपचूप टोचले. तो फार आजारी पडला, पण वाचला.

नोव्हेंबरच्या 14 तारखेला पहाटे तीनच्या सुमारास मॅदरच्या घराच्या खिडकीतून पेटता हातबाँब आत आला. त्या खोलीत टोचून घेतलेला त्याचा भाचा निजला होता. खिडकीच्या चौकटीवर आपटून वात निसटली, बाँब फुटला नाही. त्याला एक चिठ्ठी बांधलेली होती. तीत कुत्रा वगैरे शिव्या देऊन, आता तुलाच हे टोचतो, अशा अर्थाचा मजकूर होता.

साथ ओसरल्यावर हिशेब झाला. आपोआप देवी आलेले 5,889, त्यांतले मेले 844, म्हणजे सातांत एक. बॉइलस्टनने टोचलेले अडीचशेच्या आसपास, त्यांतले मेले सहा, म्हणजे साधारण चाळिसांत एक. औषधाची बाजू अशी आकडे मांडून सिद्ध करण्याचे हे जगातल्या पहिल्या काही प्रसंगांपैकी एक. मी हे गणित पाचवीच्या मुलींना घालून बघितले. त्यांनी ते लगेच सोडवले, आणि पाद्र्याला बाँब का मारला ते मात्र त्यांना सुटेना.

हे वाचून झाल्यावर एका रात्री मी चित्र टेबलावर पसरले आणि आईचे पोथी वाचायचे भिंग घेऊन त्याच्यावर वाकले. चेहरा बदलला असेल, अशी काहीतरी वेडी आशा असावी. चेहरा तोच होता. पण भिंगाखाली दुसरेच काही दिसले. या चित्रात रेघ नाही! ओठांची कड, नाकाची बाजू, झग्याच्या चुण्या, कुठेच कुणी रेघ ओढलेली नाही. आहेत ते सगळे मऊ, मखमली काळे आणि त्यातून हळूहळू उगवत गेलेले पांढरे.

या तऱ्हेला मेझोटिंट म्हणतात. नेहमीच्या कोरीव कामात तांब्याचा गुळगुळीत पत्रा घेऊन त्यावर रेघा कोरतात. इथे उफराटे. अर्धगोल पात्याला बारीक बारीक दात असलेले एक हत्यार असते. ते पत्र्यावर पाळण्यासारखे डोलवत न्यायचे, उभे, आडवे, तिरपे, पुन्हा उभे, असे तासन्‌तास, दिवसचे दिवस. तेवढ्याने सगळा पत्रा खळग्यांनी आणि खरखरीत कणांनी भरून जातो. अशा पत्र्याला शाई लावून छापले, तर कागदावर नुसता मिट्ट काळोख उमटतो. मग त्या काळोखातून चित्र बाहेर काढायचे. जिथे उजेड हवा तिथे पात्याने खरवडायचे, घोटणीने घोटायचे, खळगे बुजवत न्यायचे. कपाळ जास्त घोटले म्हणून ते उजळ, गाल त्याहून जरा कमी, झगा जवळजवळ तसाच सोडला म्हणून काळा. असा हा चेहरा खरवडून खरवडून अंधारातून वर आलेला आहे.

ते काम करणारा पीटर पेलम 1727 मध्ये लंडनहून बोस्टनला आला. हात उत्तम, पण गावात ज्यावरून छापे करावेत अशी तैलचित्रे काढणारा कुणी नाही. तेव्हा त्याने आधी मॅदरचे तैलचित्र स्वतःच रंगवले, मग त्यावरून तांब्याचा पत्रा केला. आधी वर्गणीदार जमवले, मग छापले. अमेरिकेतल्या त्या वसाहतींत तयार झालेले हे पहिले मेझोटिंट. पण छाप्यांवर पोट भरेना, म्हणून पुढे त्याने शाळा काढली. लिहिणे, वाचणे, नाचणे, काचेवर चित्रे काढणे, जे जमेल ते शिकवले. हे वाचून मला तो फार जवळचा वाटला. कलेवर भागत नाही म्हणून शाळेत आलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. एक तर रोज आरशात पाहते.

पण मी सांगत होते खळग्यांचे. भिंग सरकवत सरकवत मी झग्याच्या काळोखात आले आणि एकदम थबकले. हे खळगे मला माहीत होते. बोटांना माहीत होते.

माझ्या आजीचा, आईच्या आईचा, चेहरा असा होता.

सुटीत आजोळी गेले की मी आजीच्या कुशीत झोपायची आणि झोप येईपर्यंत तिच्या गालावरच्या वणांतून बोट फिरवीत राहायची. ती काही म्हणायची नाही. फार लहान होते तोवर मला वाटायचे की आज्यांचे गाल असेच असतात. ही गोष्ट तिने मला पुढे मी शाळेत जाऊ लागल्यावर सांगितली, तीसुद्धा शेंगा फोडता फोडता.

ती सहा वर्षांची असताना गावात देवी टोचणारा डॉक्टर आला. गोऱ्या सरकारचा माणूस, पोरांच्या अंगात विष घालतो, देवीचा कोप ओढवतो, अशी आवई त्याच्या आधीच येऊन पोचली होती. तिच्या आईने तिला धान्याच्या रिकाम्या कणगीत उभे केले, वर सूप झाकले आणि "हूं की चूं करू नको" म्हणून सांगितले. तिचा भाऊ विहिरीवर पोहत होता. तो तिथेच सापडला आणि टोचला गेला. रडत घरी आला तेव्हा आईने त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. कणगीतल्या मुलीला मात्र तिने पोटाशी धरले, वाचली म्हणून.

दोन वर्षांनी गावात देवी आल्या. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले, घरात फोडणी बंद झाली. भाऊ अंगणात विटीदांडू खेळत होता. आजी एकवीस दिवस केळीच्या पानावर पडून होती. डोळे वाचले, हीच देवीची कृपा म्हणायची. चौदाव्या वर्षी तिला बिजवराला दिली. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा, पदरात दोन मुले. अशा चेहऱ्याला पहिलेपणाचे स्थळ कुठून येणार?

"तुला आईचा राग नाही आला?" मी विचारले होते.

"राग कशाचा?" आजी म्हणाली. "तिनं मला लपवलं, टाकलं नाही. तिला वाटलं, ती मला वाचवतीय." आणि मग शेंगांची टरफले सुपात लोटत म्हणाली, "पण तुझ्या आईला मी फरफटत नेली हं. रांगेत पहिला नंबर लावला."

बोस्टनच्या खिडकीतून बाँब फेकणारा हात आणि कणगीवर सूप झाकणारा हात यांत मला जमीनअस्मानाचे अंतर वाटते. पण दोघांच्या मनातली भीती तीच होती, हेही नाकारता येत नाही. आपल्याकडे पहिली देवीची लस टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. ती लस बगदाद, बसरा करीत, एकाच्या दंडातून दुसऱ्याच्या दंडात अशी आली होती. ओनेसिमसने सांगितली त्याहून ती निराळी, गाईच्या देवीपासून केलेली आणि कितीतरी निर्धोक. तिथपासून 1975 मध्ये देशातला शेवटचा रोगी सापडेपर्यंत पावणेदोनशे वर्षे गेली, आणि त्या पावणेदोनशे वर्षांत किती कणग्यांवर किती सुपे झाकली गेली असतील, कोण जाणे.

आजीचा फोटो नाही. म्हणजे एक आहे, मामाच्या लग्नातला. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी. फोटोवाल्याने "इकडे बघा" म्हटल्याबरोबर तिने पदर ओढून मान वळवली. फोटोत तिचा कान आला आहे, कानातली बुगडी आली आहे, आणि पदर धरलेली चार बोटे. मुलाच्या लग्नात आईचे एवढेच.

ओनेसिमसचे तेवढेही नाही. ज्या वर्षी मॅदरने ते पत्र लंडनला लिहिले त्याच वर्षी, आपल्या जागी दुसरा गुलाम घेण्यासाठी त्याने मालकाला पैसे दिले आणि काही अटींवर स्वतःची सुटका करून घेतली. साथ आली, बाँब पडला, आकडे जुळले, तेव्हा तो त्या घरात नव्हता. त्याचे चित्र कुणी रंगवले नाही, त्याच्यासाठी कुणी तांब्याचा पत्रा डोलत्या पात्याने रात्रंदिवस खडबडीत केला नाही. या चित्रात शोधायचाच झाला तर तो झग्याच्या त्या न खरवडलेल्या काळ्यात शोधावा लागेल.

मागच्या जूनमध्ये पुन्हा कंपासपेटी हरवली. मी सेलमची गोष्ट सांगितली आणि या वेळी तिथे न थांबता पुढे देवीचीही सांगितली. घोड्यावरचा माणूस सांगितला, आणि गुलामाचा दंड बोटाने चाचपून बघणाराही सांगितला. मुलांना जरा जड गेली. पहिली गोष्ट कशी सुटसुटीत होती. एका मुलीने विचारले, "बाई, त्या ओनेसिमसचं खरं नाव काय होतं? आईनं ठेवलेलं?" मी खडू हातात घेऊन फळ्याकडे वळले होते, तशीच उभी राहिले. ते कुणी लिहून ठेवलेले नाही, असे सांगितल्यावर तिने वहीत नावापुढे जागा कोरी सोडली. तपासताना पाहिली मी ती जागा. लाल शाईने काही लिहिले नाही.

तर मोहिमेच्या दिवशी "रजा द्या" म्हणत हे फडके पिळत होते, तेव्हा धाकटी तिथेच तसबिरींच्या काचा पुसत होती. कापूसबुवाच्या नाकावर फुंकर मारून तिने मला विचारले, "आई, हा चांगला होता की वाईट?"

"इतिहासाच्या पेपरात असा प्रश्न येत नाही," मी म्हटले.

"पण मी विचारतेय ना."

मी गप्प बसले. तिने माझ्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिले आणि मग शेजारच्या काचेवर, मामाच्या लग्नाच्या ग्रूपवर, फडके फिरवले. आई खुर्चीत बसून हे ऐकत होती. तिला पाद्र्याची सगळी कथा मी वाचून दाखवली होती. ती म्हणाली, "राहू दे गं त्याला भिंतीवर. आमच्या आईच्या जवळच लाव. गुळगुळीत गालांचा आहे, पण त्याला बसू दे तिच्या शेजारी."

ह्यांनी मुकाट्याने हातोडी घेतली आणि खिळा दोन इंच उजवीकडे ठोकला.

नरकचतुर्दशीला पहाटे आईला अभ्यंग घालायला आता मीच असते. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पणतीच्या उजेडात तेल जिरवले, मग उटणे लावले. धाकटी पेंगुळल्या डोळ्यांनी पाणी घालत होती. आईच्या डाव्या दंडावर लहानपणी टोचल्याचे दोन गोल वण आहेत, जुन्या चवलीएवढे. दोन तांबे पाणी पडले, पाठ स्वच्छ झाली, हात स्वच्छ झाले, पण त्या दोन खळग्यांत उटणे अडकून बसले होते. धाकटीने तांब्या खाली ठेवला आणि बोटाने ते हळूहळू काढू लागली.